झाड धरलंय का?

वादळ ओसरल्यावर घड्याळजींनी सगळ्यात आधी डोळ्यात भिंग बसवलं आणि घराच्या भिंती तपासल्या. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कुठलंही दुखणं आधी बारीक असतं आणि मग मोठं होतं, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. सगळे नळ बंद करून त्यांनी पाण्याच्या मीटरचा काटा फिरतोय का ते पाहिलं. सिंकखालच्या सांध्यांवरून कोरडा रुमाल फिरवला, फ्लशच्या टाकीला कान लावला, भिंतींना जागोजागी तळवा लावून ओल आहे का ते चाचपलं. गच्चीवरची टाकीही जागेवर होती. शेवटी स्वयंपाकघरात येऊन त्यांनी बायकोला आणि आईला सांगितलं, की घराला ओरखडासुद्धा उठलेला नाही.

तेवढ्यात बाथरूममध्ये 'गुडुप' असा आवाज झाला.

तिघंही गेली. कोपऱ्यातल्या जाळीतून राखाडी, फेसाळ पाणी वर येत होतं. दोन बोटं चढलं, थांबलं, आणि पाहुण्यानं ऐसपैस बसावं तसं फरशीवर पसरून राहिलं. त्याला व्हॅनिलाचा वास येत होता.

"ही पाणी जायची वाट ना?" घड्याळजींच्या आई म्हणाल्या. "मग हे येतंय कुठून?"

इमारत लहान होती, एका मजल्यावर एकच घर. तळमजल्यावर घड्याळजी, त्यांची आई आणि बायको. बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणायची आणि वहिनींचं ऐकून ऐकून आईला सासूबाई. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणीच्या खोलीत मदतीला असत. भिंतीवरची न दिसणारी अक्षरं दिसल्यासारखी ठणकावून वाचणारी माणसं त्या रोज पाहत, त्यामुळे कुणी कशालाही नाही म्हटलं तरी त्यांना फारसं आश्चर्य वाटत नसे. पहिल्या मजल्यावर केकवाली राहायची. तिचा नवरा जहाजावर, ती घरातच वाढदिवसाचे केक करायची. दुसऱ्या मजल्यावर वकीलसाहेब एकटेच. ते वकील नव्हते. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण इतकी वर्षं इतके वकील ऐकलेले, की दूध नासल्याचंही ते 'असं निदर्शनास आलं आहे' अशा सुरुवातीनं सांगत.

व्हॅनिलाच्या वासावरून वहिनी आधी केकवालीकडे गेल्या. ती ओशाळली. वादळामुळे पुढे ढकललेले सगळे वाढदिवस आता एकदमच आले होते, भांडी घासून घासून तिचे हात सोलवटले होते. तिनं लगेच नळ बंद केला. वकीलसाहेबांनी मात्र दारातच हात वर केले.

"पाणी माझ्या घरातून बाहेर पडलं, की माझा त्याच्याशी संबंध संपला," ते म्हणाले. "पुढे ते कुठे जातं, कुणाकडे जातं, हा त्याचा प्रश्न आहे."

नळाचं काम करणाऱ्या मिस्त्रीला त्या दिवसांत गाठताना नाकी नऊ आले. सगळ्या गावाचे पाइप एकदम आजारी पडले होते. तो आला तोच कानाला फोन लावून. खांद्यानं फोन धरून त्यानं जाळीतून लांबलचक स्प्रिंग आत सारली, ती कुठेतरी अडली, त्यानं ती ओढून काढली, आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "केस आहेत." घड्याळजींना आधी कळेचना, की निदान त्यांचं आहे की पलीकडच्याचं. ते त्यांचंच निघालं. पाइपात केस अडकलेत, चार दिवसांनी मोठी स्प्रिंग घेऊन येतो, तोवर पाणी कमी वापरा, असं सांगून मिस्त्री गेला. घरात लांब केस एकट्या सासूबाईंचे. त्या दिवसभर डोक्याला रुमाल बांधून बसल्या.

पाणी कमी वापरणं तळमजल्याच्या हातात नव्हतं. वरून येईल तेवढं बादलीनं उपसून मागच्या अंगणात टाकायचं, एवढंच काम त्यांच्याकडे राहिलं. स्वतःची आंघोळ तर बंदच. केकवालीला वाईट वाटलं. ती म्हणाली, तुम्ही सगळे माझ्याकडे वर येऊन आंघोळ करा. मोठ्या मनाची बाई. सासूबाई टॉवेल खांद्यावर टाकून वर गेल्या. तिथे गरम पाण्याचा मोठा फवारा होता. त्या खूश झाल्या. खाली वहिनी बाथरूममध्ये उभ्या होत्या, तोच जाळीतून सासूबाईंच्या साबणाचा ओळखीचा वास वर आला आणि पाठोपाठ सासूबाईंची सगळी आंघोळ. वहिनींनी ती उपसली. सासूबाई ताज्यातवान्या होऊन खाली आल्या आणि वहिनी वर गेल्या. आता खाली घड्याळजी बादली घेऊन उभे राहिले. घड्याळजींची आंघोळ उपसायला पुन्हा वहिनी. सगळं आटोपल्यावर तिघंही आंघोळीआधी होती त्याहून जास्त घाण दिसत होती.

"आपण वर आंघोळ करायची आणि आपणच खाली येऊन उपसायची," वहिनी म्हणाल्या. "मग वर जाता कशाला?"

"फवारा चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी स्वतः वकीलसाहेबांकडे जाऊन अगदी नम्रपणे बोलले. वकीलसाहेबांनी पुरावा मागितला. त्यांचं म्हणणं असं, की पाण्यावर कुणाचं नाव नसतं, तेव्हा रंग टाकून पाहावं. कल्पना वाईट नव्हती. केकवालीकडे खायच्या रंगांच्या बाटल्या ओळीनं होत्याच. ठरलं की ती आपल्या मोरीत पिवळा ओतेल, वकीलसाहेब निळा, आणि खाली सगळ्यांनी मिळून पाहायचं.

रंग ओतून, वर भरपूर पाणी सोडून दोघंही खाली आली. पाच माणसं त्या एवढ्याशा बाथरूममध्ये दाटीवाटीनं उभी राहून जाळीकडे टक लावून पाहू लागली. घड्याळजींनी भिंगही लावलं होतं. गुडुप झालं. पाणी वर आलं.

ते हिरवं होतं.

मग वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "माझा निळा होता. हा हिरवा आहे. हिरवा कुणी टाकला?"

केकवालीनं पटकन सांगून टाकलं की तिचा पिवळा होता, हवं तर बाटली बघा. सासूबाईंनी समजावलं, की निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, म्हणजे हे दोघांचंही आहे. वकीलसाहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की दोघांचं आहे असं म्हणणं म्हणजे कुणा एकाचं आहे हे सिद्ध न होणं. शिवाय तळमजल्यानं आपला रंग टाकलेलाच नाही, त्यामुळे परीक्षा एकतर्फी झाली. वहिनींनी न बोलता केकवालीच्या हातातली लाल बाटली घेतली आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये उपडी केली. थोड्या वेळानं तेही पाणी जाळीतून वर आलं. लाल, निळा, पिवळा मिळून जो रंग झाला तो पहिल्या दिवशीच्या पाण्याचाच, चिखलकट राखाडी.

"म्हणजे काहीच सिद्ध होत नाही," वकीलसाहेब म्हणाले आणि पायजमा वर धरून, पाय उचलत उचलत निघून गेले. घोट्यापर्यंत ते हिरवे झाले होते. घड्याळजींचे पाय त्याहून हिरवे होते. पुढे कितीतरी दिवस दुकानात गिऱ्हाईक आलं की ते पाय स्टुलाखाली ओढून घेत.

खरं काय ते कळलं, ते एके दुपारी वारा सुटला तेव्हा. वहिनींना त्या दिवशी सुट्टी होती. वरच्या दोन्ही घरांत कुणीही नळ सोडलेला नव्हता. केकवाली केक पोचवायला गेली होती आणि वकीलसाहेब झोपले होते. तरीही बाथरूममध्ये गुडुप झालं. पाणी वर आलं, पुन्हा खाली गेलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. सासूबाईंचं मत पडलं की बाथरूम श्वास घेतंय. वहिनी खिडकीत बसून राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं की आधी मागच्या अंगणातली पानं सळसळतात आणि मग आवाज येतो. अंगणात मधोमध एक झाड होतं, फार जुनं नाही, पण दुमजली उंचीचं. वादळात ते इमारतीकडे कललं होतं. पडलं नव्हतं म्हणून कुणी त्याच्याकडे फारसं पाहिलंच नव्हतं. वहिनी अंगणात गेल्या. झाडाच्या पलीकडच्या बाजूची जमीन मुळांनी उचलून धरली होती, कढईवरचं झाकण एका बाजूनं उघडावं तशी. वारा आला की झाड आणखी वाकायचं, झाकण आणखी उघडायचं. आणि इमारतीचा सांडपाण्याचा पाइप नेमका त्या मुळांमधून मागच्या भिंतीजवळच्या चेंबरकडे जात होता. मुळांनी पाइपाचं पुढचं टोक उचललं होतं. उतार उलटा झाला होता. पाणी चेंबरकडे जायचं सोडून घरी परत येत होतं.

घड्याळजी दुकानातून आल्यावर वहिनींनी त्यांना अंगणात नेलं. घड्याळजींना आधी पटेना. मग त्यांनी झाडाच्या बुंध्याला खांदा लावून मागच्या भिंतीकडे जोर केला. वहिनी बाथरूममध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"गेलं," त्या आतून म्हणाल्या.

घड्याळजींनी खांदा काढला.

"आलं."

केकवाली रिकाम्या डब्यांसह परतली, तेव्हा तिला दिसलं ते असं, की सभ्य, चष्मा लावलेला शेजारी झाडाला पुन्हा पुन्हा ढकलतोय आणि आतून त्याची बायको आलं, गेलं, आलं, गेलं असं सांगते आहे. तिनं डबे खाली ठेवले आणि काही न विचारता दुसरा खांदा लावला.

मिस्त्रीला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो की पाइप बाहेरून हलला असणार. झाड हटल्याशिवाय खणता येणार नाही, आणि झाड नगरपालिकेचं, त्याला हात लावायचा नाही. नगरपालिकेत सांगितलं तर तिथून कळलं, की आधी पडलेली झाडं, मग पडणारी, आणि शेवटी कललेली. तुमचं कललेलं आहे.

तेव्हा मधला मार्ग निघाला. घड्याळजींनी जाड दोर आणून बुंध्याला वरच्या अंगाला बांधला. दोर मागच्या भिंतीच्या बाजूनं ओढून धरला की झाड सरळ व्हायचं, पाइप खाली बसायचा आणि पाणी निमूट चेंबरकडे निघून जायचं. दोर कायमचा कुठे बांधून टाकावा म्हटलं, तर अंगणात जड असं काही नव्हतं. एकदा तो वकीलसाहेबांच्या स्कूटरला बांधून पाहिला. वारा आला आणि स्कूटर स्टँडसकट सरकत सरकत अंगणभर फिरून आली. त्यावरून खूप बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की ज्याला नळ सोडायचा असेल त्यानं आधी खिडकीतून विचारायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी खाली येऊन झाड धरायचं.

केकवाली लगेच कबूल झाली. वकीलसाहेबांनी पुन्हा हात वर केले. झाडाला हात लावला तर झाडाची जबाबदारी आपल्यावर येते, असं त्यांचं म्हणणं. मग वहिनींनी एक केलं. त्यांनी घरातल्या सगळ्या जाळ्यांवर रबराचे जाड तुकडे घातले, संडासाच्या भांड्यात चिंध्या कोंबल्या, वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि बाथरूमच्या जाळीवर एक स्टूल ठेवून सासूबाईंना बसवलं. सासूबाई वाचायला पुस्तक घेऊन बसल्या. केकवालीनंही आपल्या घरी तसंच केलं, मात्र तिच्या वाळूच्या जागी साखरेची पोती होती. वकीलसाहेबांनी सकाळची आंघोळ केली, कपडे धुतले, बादल्या ओतल्या. पाणी खाली गेलं, कुठे वाट मिळेना म्हणून मुकाट वर आलं आणि त्यांच्याच बाथरूममध्ये हजर झालं. ते त्यांचं स्वतःचं पाणी होतं, त्यात कुणाचीही भेसळ नव्हती. त्यांनी काही वेळ त्याच्याकडे पाहिलं असावं. दुपारी ते बाहीची बटणं सोडत खाली आले आणि दोर कुठे आहे म्हणून विचारलं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांनाच विचित्र गेले. सकाळी उठल्यापासून खिडक्यांतून एकच हाक यायची, "झाड धरलंय का?" आणि खालून उत्तर जायचं, "धरलंय, सोडा." घड्याळजींचे हात सोलले आणि केसाएवढे स्क्रू चिमट्यात धरताना थरथरू लागले. केकवाली दोर कमरेला गुंडाळून फोनवर केकच्या ऑर्डरी घ्यायची. वकीलसाहेब दोर धरून अगदी ताठ उभे राहायचे, जणू त्यांना साक्षीला बोलावलंय. पण एक कबूल करायला हवं, ते कधी उशिरा आले नाहीत आणि दोर कधी मध्येच सोडला नाही. सासूबाईंच्या आंघोळी लांबायच्या, तरीही नाही. वहिनींनी एकदा त्यांना पाणी नेऊन दिलं. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पेला त्यांच्या तोंडाला लावावा लागला. ते पाणी प्यायले, आभार मानले आणि म्हणाले की घरात इतकी वर्षं एकट्यानं काढली, पण आपण नळ सोडला की कुणाला तरी कळतं, ही गोष्ट आपल्याला ठाऊकच नव्हती. वहिनी रिकामा पेला घेऊन आत आल्या.

अखेर एके सकाळी नगरपालिकेचे झाडांचे साहेब आले. बूट नवे, हातात छत्री. नेमके त्या वेळी वकीलसाहेब वर आंघोळ करत होते आणि घड्याळजींनी दोर ताणून धरला होता. साहेबांनी झाडाभोवती एक चक्कर मारली, मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं आणि वहिनींना म्हणाले की हे झाड तर सरळ आहे. वहिनींनी सांगितलं की ते सरळ नाही, आम्ही सरळ धरलंय. साहेबांनी दोराकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं.

"धरलं की उभं राहतं, म्हणजे उभं आहे," ते म्हणाले. "उभ्या झाडाचं आम्ही काही करत नाही."

वहिनींनी त्यांना पाइप कुठून सुरू होतो ते निदान बघून तरी घ्या म्हणून आत नेलं. साहेब बाथरूमच्या दारात थांबले. आत सगळं कोरडं होतं, सकाळीच पुसलेलं. जाळीवरचं स्टूल वहिनींनी बाजूला केलं. मग त्या खिडकीतून बाहेर वळल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, सोडा झाड."

घड्याळजींना खात्री करून घ्यायची सवय. त्यांनी विचारलं, सोडू ना? वहिनी म्हणाल्या, सोडा. त्यांनी सोडलं. फांद्या इमारतीकडे झेपावल्या, अंगणातली जमीन उघडली आणि दुसऱ्या मजल्यावरून निघालेलं ऐन भरातलं पाणी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलं. जाळीतून ते आलं ते बोटभर नाही, चांगलं वीतभर उसळून आलं. साहेब मागे सरकेपर्यंत बूट भरले होते. वरच्या खिडकीतून साबणानं माखलेलं एक डोकं बाहेर आलं आणि डोळे मिटलेल्या अवस्थेत त्यानं विचारलं, की झाड कुणी सोडलं.

साहेबांनी एका पायावर उभं राहून बूट काढला, त्यातलं पाणी ओतलं आणि खिडकीतून झाडाकडे बघितलं. आता ते पडणारं दिसतंय, असं ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी करवती घेऊन माणसं आली. आधी फांद्या उतरवल्या, मग बुंधा. वरचं वजन गेलं तशी उचललेली जमीन आपोआप खाली बसली. मिस्त्री आला. या वेळी वहिनींनी त्याचा फोन मागून घेतला आणि साखरेच्या डब्यात ठेवला. त्यानं आणि घड्याळजींनी मिळून खणलं. पाइप दोन ठिकाणी सांध्यातून निसटला होता, तोंडात माती गच्च भरली होती, आणि एका मुळानं त्याला असा विळखा घातला होता, की मिस्त्रीला तेवढा तुकडा मुळासकट कापूनच काढावा लागला. त्यानं चेंबर साफ केला, नव्या पाइपाखाली वाळू पसरली, पाण्याची बाटली आडवी ठेवून उतार पाहिला. घड्याळजींनी तो उतार आपल्या पद्धतीनं पुन्हा पाहिला आणि तो किंचित कमी आहे असं सांगितलं. मिस्त्रीनं आधी मान हलवली, मग पाहिलं, आणि एका बाजूची वाळू थोडी काढली. केस मात्र कुठेच सापडले नाहीत.

माती टाकण्याआधी तपासणी झाली. चेंबरचं झाकण उघडं ठेवून मिस्त्री काठावर बसला. आधी तळमजल्यानं पाणी सोडलं, मग केकवालीनं. दोन्ही वेळा ते खळखळत चेंबरमध्ये येऊन पुढे निघून गेलं. वकीलसाहेबांनी वर दोन बादल्या ओतल्या आणि लगबगीनं खाली येऊन ओणवे झाले. पाणी यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी बोट दाखवलं.

"हे माझं," ते मिस्त्रीला म्हणाले. "स्वच्छ आहे बघा."

सगळे पांगल्यावर वहिनींनी बाथरूम घासायला घेतलं. भिंतीचा खालचा भाग पाणी पिऊन फुगला होता, रंगाचे पापुद्रे सुटत होते. ते खरवडून काढून पुन्हा रंग द्यायचा तर आधी भिंत नीट वाळायला हवी, असं मिस्त्री सांगून गेला होता. दाराच्या चौकटीचं लाकूडही कुजलं होतं, ते बदलावं लागणार होतं. वहिनींनी फिनाईल टाकून फरशी घासली, कोपरे घासले, जाळी काढून उलटीकडून घासली. मग बादलीभर पाणी ओतलं आणि बघत उभ्या राहिल्या. पाणी फिरलं, गोळा झालं आणि शेवटी एक लहानसा घोट घेतल्यासारखा आवाज करून निघून गेलं. फरशी तशीच राहिली, ओली आणि रिकामी.

त्या उंबऱ्यावर बसल्या. कशाचं ते कळेना, पण त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ते हसणं होतं की दुसरं काही, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. घड्याळजी हातावरच्या फोडांना मलम लावत बाहेरच्या खोलीत बसले होते. ते उठून आले, काय झालं म्हणून विचारायला तोंड उघडलं, आणि न विचारताच त्यांच्या शेजारी, उरलेल्या जागेत अंग चोरून बसले.